इमारतीची अंतर्भूत ऊर्जा: हिशोब वजनकाट्याच्या पावतीवरून

इमारतीची अंतर्भूत ऊर्जा काढायची म्हटलं की बहुतेक ऑफिसांत आधी सॉफ्टवेअरची चौकशी सुरू होते. त्याची काही गरज नसते. लागणारे कागद साइटवरच असतात: बारबेंडिंग शेड्यूल (बीबीएस, म्हणजे कुठे कोणती सळई किती याची यादी), आरएमसीच्या, म्हणजे प्लँटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या, बॅच स्लिपा, गेटवरच्या चलनांची फाइल आणि सळईच्या वजनकाट्याच्या पावत्या. त्यापुढे एक एक्सेल शीट पुरते.

खडी फोडण्यापासून शेवटची टाइल बसेपर्यंत जो कोळसा, डिझेल, गॅस आणि वीज खर्ची पडली ती सगळी अंतर्भूत ऊर्जा. लोक राहायला आल्यावर पंखे, गीझर, लिफ्टला लागते ती वेगळी, तिचा हिशोब वेगळा ठेवायचा. युरोपीय मानक ईएन १५९७८ मध्ये याचे टप्पे पाडलेत. ए१ ते ए३ म्हणजे खाणीपासून कारखान्याच्या गेटपर्यंत, ए४ म्हणजे तिथून साइटपर्यंतची वाहतूक, ए५ म्हणजे साइटवरचं काम आणि नासाडी. पुढे वापर, दुरुस्ती, पाडकाम वगैरे आहेच. कोणी 'आमच्या इमारतीची अंतर्भूत ऊर्जा इतकी' असं सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठल्या टप्प्यापर्यंत?

उदाहरणाला एक इमारत धरू. पार्किंग अधिक चार मजले, प्रत्येक तळ २०० चौरस मीटरचा, म्हणजे एकूण बांधकाम १,००० चौरस मीटर, आठ फ्लॅट. पुण्यातले कंत्राटदार तोंडी जे प्रमाण सांगतात तेच घेऊ: स्क्वेअर फुटाला ४ किलो स्टील आणि सव्वा घनफूट काँक्रीट, पाया धरून. मेट्रिकमध्ये आणलं तर चौरस मीटरला ४३ किलो सळई आणि ०.३८ घनमीटर काँक्रीट. म्हणजे इमारतीला ४३ टन सळई आणि ३८० घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरलं तर १३३ टन, २,६६० गोण्या.

आता गुणांक, म्हणजे किलोमागे किंवा घनमीटरमागे किती ऊर्जा लागली तो आकडा. भारतात बराच वापरला जाणारा एक तक्ता बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या २००३ च्या अभ्यासातला आहे. त्यात सिमेंट किलोला ५.८५ मेगाज्यूल, स्टील ४२, काच २५.८, ॲल्युमिनियम २३६.८, भाजलेली एक वीट ४.२५ आणि विटांचं बांधकाम घनमीटरला २,१४१ मेगाज्यूल. हे आकडे आपल्या इमारतीला लावू.

सळई: ४३,००० गुणिले ४२, म्हणजे १,८०६ गिगाज्यूल. सिमेंट: ७७८. भिंती विटांच्या, १८० घनमीटर: ३८५. व्हिट्रिफाइड टाइल्स १,००० चौरस मीटर, चौरस मीटरला २० किलो, किलोला १२ मेगाज्यूल: २४०. खिडक्या १२० चौरस मीटर, त्यात ॲल्युमिनियम सेक्शन चौरस मीटरला ५ किलो: १४२. पाच मिलिमीटरची काच: ३९. प्लास्टर ६०च्या आसपास. खडी आणि क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) फोडणं आणि आणणं मिळून ३०, सिमेंटची वाहतूक ५०. बेरीज साधारण ३,५३० गिगाज्यूल, म्हणजे चौरस मीटरला साडेतीन. त्याच अभ्यासात आठ मजली आरसीसी फ्रेमची इमारत ४.२१, दुमजली विटांच्या भारवाही भिंतींची २.९२ आणि मातीच्या सिमेंट-मिश्रित दाबलेल्या ब्लॉकची दुमजली १.६१ आली होती. आपला आकडा या रांगेत बसतो, म्हणजे शून्य इकडेतिकडे झालेलं नाही.

या बेरजेकडे नीट पाहिलं तर सळई आणि सिमेंट मिळून जवळपास पाऊण भाग होतो. भिंती आणि टाइल्स धरल्या की नव्वद टक्क्यांच्या पुढे. म्हणून दाराच्या बिजागऱ्या, स्विचबोर्ड आणि पीव्हीसी पाइप मोजत बसणारी शीट दिसली की समजावं, करणाऱ्याला वेळ भरपूर आहे. या चार ओळी साइटवरून वजनासकट आणायच्या, बाकीचं अंदाजाने धरलं तरी चालतं.

सळईच्या गुणांकाची गोची

स्टीलचा ४२ हा आकडा भारतीय कारखान्यांचा आणि जुना. ब्रिटनच्या बाथ विद्यापीठाच्या आयसीई या ऊर्जा-कार्बनच्या तक्त्यात, २०११ च्या आवृत्तीत, सळईला १७.४ मेगाज्यूल दिलेत, कारण तिथे भंगाराचा वाटा मोठा धरलाय. आपल्या इमारतीत ४२ ऐवजी १७.४ घातले की १,८०६ चे ७४८ होतात. फरक १,०५८ गिगाज्यूल, म्हणजे इमारतीतल्या सगळ्या सिमेंटपेक्षा मोठा! चौरस मीटरला साडेतीनचे अडीच झाले, आणि साइटवर एक सळई कमी झाली नाही. 'आमची इमारत ३० टक्के कमी ऊर्जेची' अशा दाव्यांमागे पुष्कळदा एवढंच असतं. तुलना करायची असेल तर दोन्ही पर्यायांना एकच तक्ता लावायचा, आणि गुणांकाच्या शेजारच्या रकान्यात तो कुठून घेतला, कोणत्या सालचा, हे लिहायचंच.

पुण्यात लहान-मध्यम साइटवर येणारी बरीच सळई जालन्याच्या रोलिंग मिलमधली असते. तिथे इंडक्शन फर्नेसमध्ये भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड) वितळवून बिलेट, म्हणजे सळई लाटायचे ठोकळे, ओततात. नुसतं वितळवायला टनाला साधारण ६०० युनिट वीज लागते. भंगार जास्त असेल तर ऊर्जा खूपच कमी, पण स्पंज आयर्न कोळशाच्या भट्टीत केलेलं असतं आणि त्याचं प्रमाण वाढलं की हा फायदा उतरत जातो. टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर (भट्टीच्या त्या ओतीचा क्रमांक) असतो, कार्बन-सल्फर-फॉस्फरस असतं, भंगार किती हे नसतं. मिलला पत्र पाठवून विचारावं लागतं. उत्तर आलं नाही तर दोन रकाने करा, एक खनिजापासूनच्या स्टीलचा आणि एक भंगाराचा, आणि दोन्ही बेरजा दाखवा. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली: तयार स्टीलच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड असेल तर तीन तारे, २.० च्या खाली चार आणि १.६ च्या खाली पाच. तसं प्रमाणपत्र मागायला आता हरकत नाही.

वजन कोणतं धरायचं? बीबीएसमध्ये व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने वजन येतं. प्रत्यक्ष सळई त्यापेक्षा हलकी किंवा जड असू शकते. भारतीय मानक आयएस १७८६ दहा मिलिमीटरपर्यंत ७ टक्के, त्यापुढे सोळापर्यंत ५ आणि वर ३ टक्के फरक चालवून घेतं. शिवाय बीबीएसमध्ये चेअर, पिन, स्पेसर बार असे सळ्या जागेवर धरणारे तुकडे हमखास सुटतात आणि लॅप (दोन सळ्यांच्या जोडातली लांबी) कमी धरलेले असतात. म्हणून हिशोबाला वजनकाट्याची पावती. भट्टीतून जेवढं निघालं तेवढी ऊर्जा लागली, ड्रॉइंगवर काय लिहिलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. उरलेले तुकडे भंगारात गेले तरी ते विकत घेतलेल्या वजनातून वजा करू नयेत, नाहीतर एकच किलो दोनदा वाचवल्यासारखं होतं.

एफई ५०० ऐवजी जास्त ताकदीची एफई ५५० सळई घेतली की स्टील दहा टक्के वाचेल, असं सांगितलं जातं. कॉलम-बीममध्ये थोडंफार वाचतं. स्लॅबमध्ये जिथे किमान ०.१२ टक्के स्टीलचा नियम लागू होतो, तिथे ग्रेड बदलून काही होत नाही.

सिमेंट: कागदावर भट्टी पेटवून बघू

सिमेंटचा गुणांक तक्त्यातून उचलण्यापेक्षा एकदा स्वतः मांडून पाहावा, मग पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) आणि ओपीसी (साधं सिमेंट) यांतला फरक डोक्यात पक्का बसतो. आधी कार्बन मोजू, मग ऊर्जा. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. १,४५० अंशांच्या भट्टीत तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधन कोणतंही जाळा. क्लिंकरच्या, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या, दळायच्या आधीच्या खड्यांच्या, टनामागे हा साधारण ५२५ किलो. भट्टीला उष्णता लागते टनाला ३.१ गिगाज्यूलच्या घरात. कोळसा जाळला तर गिगाज्यूलला ९५ किलो, म्हणजे आणखी २९५. झाले ८२० किलो. दळायला आणि बाकी यंत्रांना टन सिमेंटमागे ७५ युनिट वीज, ग्रिडचा गुणांक युनिटला सुमारे ०.७२ किलो, म्हणजे ५४.

ओपीसीमध्ये क्लिंकर ९५ टक्के: ७७९ अधिक ५४, टनाला ८३३ किलो. पीपीसीत फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्राची राख) १५ ते ३५ टक्के घालायची मुभा आयएस १४८९ देतं. क्लिंकर ६५ टक्के उरलं असं धरलं तर ५३३ अधिक ५४, म्हणजे ५८७. आपल्या १३३ टनांवर ३२ टनांपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइडचा फरक पडतो, आणि गोणीचा भावही पीपीसीचाच थोडा कमी असतो.

याच आकड्यांनी ऊर्जा काढली (विजेच्या युनिटमागे वीजकेंद्रात १२ मेगाज्यूलचा कोळसा जळतो असं धरून) तर ओपीसी किलोला ३.९ मेगाज्यूलच्या आसपास येतं, ५.८५ नव्हे. आजच्या कोरड्या पद्धतीच्या, सहा-सहा प्रीहीटर लावलेल्या भट्टीचा आकडा आणि दोन दशकांपूर्वीचा तक्ता यांत एवढं अंतर पडणारच. हरकत नाही, पण मग सिमेंट नव्या हिशोबाने आणि स्टील जुन्या तक्त्याने, अशी खिचडी करू नये.

मग सगळे पीपीसीच का वापरत नाहीत? स्लॅब सायकलमुळे. सात दिवसांत पुढचा स्लॅब भरायचा असतो, सेंट्रिंगचं (टेकू-फळ्यांचं) भाडं दिवसावर असतं आणि पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद घेतं. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्यापुढच्या गाळ्यांना १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ आणि मोठ्या बीमला २१ दिवस ठेवायचे असतात. तेही साध्या ओपीसीला आणि नीट क्युरिंग असेल तर. घाई असली की ५३ ग्रेड ओपीसी येते, वर गोण्याही वाढतात. म्हणजे इमारतीचा कार्बन काही अंशी बार चार्टवर, कामाच्या वेळापत्रकावर, ठरतो. टेकूंचा एक जादा संच भाड्याने घेतला तर हा प्रश्न निम्मा सुटतो, पण तो खर्च 'पर्यावरणा'च्या डोक्यावर कोण घेणार, असा सूर निघतो.

आरएमसी असेल तर बॅच स्लिप वाचायला शिका. तिच्यावर ओपीसी, फ्लाय ॲश, जीजीबीएस (लोखंडाच्या भट्टीची दळलेली मळी) वेगवेगळे छापलेले असतात. 'एकूण सिमेंटिशियस ३८०' ही बेरीज उचलून सगळ्याला सिमेंटचा गुणांक लावणं, ही सर्रास दिसणारी चूक. ओपीसी २८० आणि फ्लाय ॲश १०० असेल तर हिशोब २८०चाच, फ्लाय ॲशला फक्त हाताळणी आणि वाहतूक. उलटी चूकही होते: गोणी पीपीसीची असते आणि कोणीतरी मिक्स डिझाइनमध्ये वरून आणखी फ्लाय ॲश घालतं. पीपीसीत ती आधीच आहे. एकूण प्रमाण ३५ टक्क्यांवर नेलं तर ताकद आणि टिकाऊपणा दोन्हीकडे रडगाणं.

सिमेंटची गाडी कुठून येते हेही चलनावर असतं. कलबुर्गीकडच्या वाडी-मळखेड पट्ट्यातून पुणे साडेतीनशे-चारशे किलोमीटर, चंद्रपूरकडून त्याच्या जवळपास दुप्पट. सोलापूरजवळ होटगीला ग्राइंडिंग युनिट, म्हणजे क्लिंकर दळायचा कारखाना, आहे. तिथून आलेली गोणी अडीचशे किलोमीटरच चालते, पण तिच्यातलं क्लिंकर आधी दुसरीकडून तिथवर आलेलं असतं. गोणीवरचा पत्ता पाहून अंतर धरलं तर तो भाग सुटतो.

ब्रास, हायवा आणि वाघोलीची खडी

खडीची ऊर्जा थोडी आणि वजन अफाट. ३८० घनमीटर काँक्रीटला खडी आणि क्रश सँड मिळून सुमारे ७०० टन. हिशोब बिघडतो तो एककात. सप्लायर ब्रासमध्ये बोलतो: १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. मिक्स डिझाइन किलोमध्ये आणि अंदाजपत्रक घनमीटरमध्ये असतं. सैल खडी घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरते, म्हणून ब्रास सव्वाचार टनांचा. दगडाची मूळ घनता २.८ ते २.९ पकडून ब्रासचं वजन काढलं की ते आठ टन येतं आणि खडी दुप्पट होऊन बसते.

वाहतुकीचा गुणांकही पडताळून पाहता येतो. हायवा टिपरमध्ये पाच ब्रास, २१ टन. वाघोली किंवा मोशीच्या क्रशरवरून साइट २५ किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ५०. गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देते, म्हणजे खेपेला १४.३ लिटर डिझेल. लिटरला ३६ मेगाज्यूल धरले तर ५१५, भागिले २१: टनाला साडेचोवीस. म्हणजे टन-किलोमीटरला जवळपास १ मेगाज्यूल, रिकामी परतफेरी धरून. सिमेंट-स्टीलच्या लांबच्या वाहतुकीला तक्त्यातही हाच आकडा आहे. आपल्या ७०० टनांना ३३ खेपा, १७ गिगाज्यूल. साडेतीन हजारांत हे कुठेच नाही. 'स्थानिक साहित्य वापरा' हा उपदेश ठीक आहे, पण खडीसाठी तो निरर्थक आहे, कारण पुण्यात बेसॉल्ट सोडून दुसरी खडी कोणी आणतच नाही. मोरबीहून साडेआठशे किलोमीटर येणाऱ्या टाइल्सच्याही बाबतीत वाहतूक १७ गिगाज्यूल आणि भाजणी २४०. अंतरापेक्षा भट्टी बघा. शहाबादी फरशी कर्नाटकातून येते, पण ती कापलेला दगड आहे, बाराशे अंशांवर भाजलेली नाही. फ्लॅट बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती दाखवायची हिंमत मात्र बिल्डरकडे नसते.

भिंती

उघड्या वीटभट्टीत वरून आणि बाजूंनी उष्णता निसटते. झिगझॅग भट्टीत किलो विटेला साधारण १ ते १.२ मेगाज्यूल पुरतात, उघड्या भट्टीत त्याच्या दुप्पटही लागतात. त्यामुळे ४.२५ मेगाज्यूलची वीट ही सरासरी समजायची. इथल्या भट्टीवाल्याला लाखामागे किती टन कोळसा किंवा बगॅस लागतो ते विचारलं तर जास्त खरा आकडा मिळतो.

एएसी ब्लॉकला पुण्यात अजूनही सिपोरेक्सच म्हणतात, कुठल्याही कंपनीचा असो. यात सिमेंट, चुना, फ्लाय ॲश आणि चिमूटभर ॲल्युमिनियम पावडर. मग दाबाखालच्या वाफेत शिजवतात. किलोमागे त्याची ऊर्जा विटेपेक्षा जास्तच, पण घनमीटरचं वजन तिसऱ्या हिश्शाचं. खरा फायदा मात्र भिंतीत नसून फ्रेममध्ये आहे. सहा इंची, अडीच मीटर उंच भिंत विटांची असेल तर रनिंग मीटरला ७५० किलो, डिझाइनला ८०० किलो घनता धरलेल्या एएसीची ३००. हा साडेचारशे किलोचा फरक प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक बीमवर आणि शेवटी फुटिंगवर.

आणि हाच फायदा पुष्कळ साइटवर पाण्यात जातो. आरसीसी ड्रॉइंग विटांच्या वजनावर निघतं, पायाचं काम सुरू होतं आणि मग परचेसवाला 'सिपोरेक्स स्वस्त पडतंय' म्हणून ब्लॉक मागवतो. सळई तेवढीच राहते. अशा इमारतीत एएसीने ऊर्जा वाचली असं दाखवणारी शीट खोटी नसली तरी अर्धवट असते. स्ट्रक्चरल डिझायनरला लोड शीट देतानाच भिंत कशाची, टेरेसवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) किती इंची, टॉयलेटचं संकन (खाली घेतलेल्या स्लॅबचा खड्डा) भरणार कशाने, हे लिहून द्यावं लागतं. संकन स्लॅबमध्ये विटांचे तुकडे आणि काँक्रीट भरायची सवय अजून गेलेली नाही. हलकं भरण घातलं तर तिथेही बीम हलके होतात.

स्लॅबची जाडी हा असाच एक मुद्दा. गाळा पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरच्या स्लॅबवर निभावत असताना 'कंड्युट (वायरिंगच्या नळ्या) नीट बसतील' म्हणून सहा इंची केला जातो. आपल्या पाच स्लॅबवर २५ मिलिमीटर म्हणजे २५ घनमीटर काँक्रीट, पावणेनऊ टन सिमेंट, १७५ गोण्या. शिवाय त्या ६० टनांचं ओझं खालच्या सगळ्या कॉलमांवर वाटलं जातं. कंड्युटच्या ओळी एकमेकींवरून न नेता आखल्या की हे टळतं. इलेक्ट्रिकल ड्रॉइंग स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी आलं, तर अर्थातच नाही टळत.

ॲल्युमिनियमकडे दुर्लक्ष करू नका. इमारतीतलं सगळं ॲल्युमिनियम ६०० किलो, दोन माणसं टेम्पोत टाकून आणतील एवढं. पण त्याची ऊर्जा २४ टन सिमेंटएवढी, ४८६ गोण्या. मायव्हन शटरिंगही (भिंत-स्लॅब एकत्र ओतायचे साचे) ॲल्युमिनियमचंच, पण ते शंभराहून अधिक वेळा वापरलं जातं, म्हणून वजनाला वापरांच्या संख्येने भागून जेवढं आपल्या इमारतीच्या वाट्याला येतं तेवढंच धरायचं. मायव्हनच्या इमारतीत खरा खर्च शटरिंगचा नसतो. भिंतीही काँक्रीटच्या होतात, त्यांत सिमेंट आणि सळई वाढते, बदल्यात ब्लॉक आणि प्लास्टर जातं. अठरा-वीस मजल्यांच्या टॉवरला शिअर वॉल (वारा-भूकंपाचा आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) तशाही लागतात. चार मजल्यांना हा सौदा क्वचितच परवडतो.

भागायचं कशाने

सगळी बेरीज बरोबर करून शेवटच्या भागाकारात लोक घसरतात. आपले ३,५३० गिगाज्यूल एकूण बांधकामाने भागले तर साडेतीन. कार्पेटने, समजा ६०० चौरस मीटरने, भागले तर ५.९. सेलेबल एरियाने भागलं की आकडा पुन्हा छान दिसतो, म्हणून ब्रोशरवाल्यांना तोच आवडतो. त्यातही बेसमेंटचं काँक्रीट वरच्या आकड्यात असतं आणि बेसमेंटचं क्षेत्रफळ एफएसआयमध्ये नसतं म्हणून खालच्या आकड्यातून गळतं, किंवा उलट. दोन मजली तळघर असेल तर रिटेनिंग वॉल, राफ्ट आणि कातळ फोडणारा ब्रेकर यांमुळे हिशोबच बदलतो. ब्रेकरच्या डिझेलची नोंद तासांत असते, लॉगबुकमधून लिटर काढून घ्यावेत.

दुसरी घसरण विजेच्या एककाची. आपल्या आठ फ्लॅटना प्रत्येकी महिन्याला सव्वाशे युनिट आणि लिफ्ट-पंप-दिवे धरून वर्षाला १५,००० युनिट लागतात असं समजा. युनिटला ३.६ मेगाज्यूल धरले तर ५४ गिगाज्यूल, आणि अंतर्भूत ऊर्जा ६५ वर्षांच्या विजेइतकी दिसते. पण सिमेंट-स्टीलचे आकडे जळालेल्या इंधनाचे आहेत. विजेचेही तसेच घ्यायला हवेत. युनिटला १२ मेगाज्यूल धरले की १८० गिगाज्यूल, आणि उत्तर जेमतेम वीस वर्षं. वीस वर्षंही थोडी नाहीत. पुण्याच्या हवेत पंख्यावर भागतं, घर तापवावं लागत नाही, म्हणून इथे बांधकामाचा वाटा थंड देशांपेक्षा मोठा पडतो. तिकडची 'वापरातली ऊर्जा हीच मुख्य' ही वाक्यं इथे जशीच्या तशी चिकटवू नयेत.

पाणी मोजणाऱ्यांसाठी: ३८० घनमीटर काँक्रीटमध्ये मिसळायला घनमीटरला १७५ लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर. क्युरिंगला याच्या कितीतरी पट जातं, आणि पीपीसीला किमान ७ नव्हे, १० दिवस क्युरिंग लागतं, म्हणजे कार्बन वाचवताना पाणी वाढतं. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळलं, स्लॅबवर आळी केली की नळी सोडून देण्यापेक्षा बरंच वाचतं. एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध केलेलं) पाणी वापरताना टँकरचा क्लोराइड रिपोर्ट बघा. आरसीसीला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

पुनर्विकासात

शहरात सध्या निम्मी चौकशी सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची असते, म्हणून एवढं. पाडकामाचं डिझेल किरकोळ असतं. जुनी सळई भंगारात जाते, दारं-खिडक्या जुन्या बाजारात, विटांचे तुकडे कोब्यात. या सगळ्याचं श्रेय नव्या इमारतीच्या आकड्यातून वजा करायचं नाही, ईएन १५९७८ मध्ये त्याला 'डी' हा वेगळा टप्पा आहे. पाडकाम कंत्राटदाराकडून सळईच्या भंगाराची वजनपावती मागून ठेवा. जुन्या इमारतीचं स्टील किती होतं याचा तो एकमेव विश्वासार्ह पुरावा असतो.

काँक्रीटचा राडा वाघोलीकडच्या प्रकल्पात गेला आणि खडी होऊन परत आला तर तो वापरता येतो. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के आणि एम-१५ खालच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्केपर्यंत पुनर्वापराच्या काँक्रीट खडीला परवानगी आहे. ही खडी जुन्या मॉर्टरमुळे पाणी पिते. आधी भिजवून, पृष्ठभाग कोरडा करून वापरली नाही तर पंपावर स्लंप (काँक्रीटचा पातळपणा) कमी होतो, मग कोणीतरी ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाणी सोडतो, ताकदीच्या चाचणीत क्यूब नापास होतात, आणि पुढच्या मिक्समध्ये घनमीटरला वीस-पंचवीस किलो सिमेंट वाढवलं जातं. वीस किलो ओपीसी म्हणजे घनमीटरला सोळा-सतरा किलो कार्बन डायऑक्साइड, आणि खडी बदलून वाचलेला त्याच्या निम्माही नसतो. एम-१५ खालच्या लीन पीसीसीत (बिनसळईच्या काँक्रीटमध्ये) आणि पार्किंगच्या सोलिंगखाली ती शंभर टक्के घाला, स्लॅबमध्ये घालायची असेल तर प्लँटवर भिजवायची सोय आहे का ते आधी विचारा.